तबकडी, खोकल्यासकट

शिरपूर, ९ फेब्रुवारी १९७५

आज किन्हीराजाहून निरोप आला. माझे सासरे उकंडराव यांच्या गळ्यातली गाठ चांगली नाही असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. स्वरयंत्र काढावं लागणार. एप्रिलच्या सुरुवातीला बोलावलं आहे. माणूस वाचेल, आवाज जाईल.

बाप तिचा, पण वच्छला रडली नाही. भाकरी थापता थापता म्हणाली, "चार भोंगे हायत तुमच्या घरात. आवाज मोठा करता येते तुमाले, मंग ठेवता काहून येत नाई?" मी म्हटलं, माझा धंदा लाऊडस्पीकरचा आहे, लोणच्याचा नाही. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही.

तिचं दुःख मला कळतं. किन्हीराजाच्या विहारात छप्पन सालापासून वंदना उकंडरावच सांगत आले आहेत. ते एक ओळ म्हणतात, थांबतात, आणि सगळं विहार ती ओळ मागून म्हणतं. लग्न असो, नामकरण असो, मयत असो. आमच्या लग्नातही त्यांनीच सांगितली. मी मात्र मागून म्हटली नाही, कारण ऐन वेळी माइक खरखरायला लागला आणि मी नवरदेव असून वायर धरून उभा राहिलो. तेव्हापासून ते मला जानराव म्हणत नाहीत, भोंगेवाले म्हणतात. आपल्या आवाजाला माइक लागत नाही, असंही चारचौघांत म्हणतात. ते खरं आहे, आणि त्यामुळेच आमचं जमत नाही.

१४ फेब्रुवारी

चांदभाई माझ्या दुकानाला लागून घड्याळं आणि रेडिओ दुरुस्त करतात. त्यांच्या साडूचा टेपरेकॉर्डर दुरुस्तीला आला आहे. तो पिशवीत घालून दोघं किन्हीराजाला गेलो. उकंडरावांनी मशीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि वंदना सांगितली. आवाज बसका झाला आहे, पण भिंतीवरची पाल हलली.

टेप लगेच ऐकली. उत्तम भरली आहे. प्रश्न सुटला. वच्छलाने रात्री जेवताना मीठ हवं का विचारलं.

१८ फेब्रुवारी

प्रश्न सुटलेला नाही.

चांदभाईंच्या घरी टेप पुन्हा लावली. पहिल्या ओळीपर्यंत उकंडराव आहेत. पुढे चांदभाईंच्या पत्नी मेहरबीभाभी कोंबड्यांना शिव्या देत आहेत. त्याही उत्तम भरल्या आहेत. भाभींनी मशीनवरची धूळ पुसली, पुसताना लाल बटण दाबलं गेलं आणि टेपने जुनं पुसून नवं घेतलं. भाभी फार वरमल्या. चांदभाई म्हणाले, "टेपचं काय हाय जानरावभाऊ, पुसते अन् भरते. पुन्हा भरू ना बे." मी म्हटलं, तेच तर तिचं वाईट आहे.

संध्याकाळी साडू आला आणि टेपरेकॉर्डर घेऊन गेला, कोंबड्यांसकट.

मी ठरवलं आहे की आवाज तबकडीवरच घ्यायचा. तबकडीवर एकदा जे आलं ते आलं. आम्ही वीस वर्षं लग्नांत तबकड्या वाजवतो आहोत, एकीनेही आपलं गाणं बदललेलं नाही.

२५ फेब्रुवारी

अकोल्याला जाऊन आलो. तिथल्या एका कबाड्याकडे तबकडीवर आवाज कोरायचं मशीन आहे असं मला माहीत होतं. पूर्वी कुणी फोटोवाला जत्रेत ते घेऊन बसायचा आणि लोकांची बोलती पत्रं करून द्यायचा. कबाड्याने माझा एक जुना भोंगा ठेवून घेतला आणि मशीन दिलं. सोबत कोऱ्या तबकड्यांचा खोका दिला. खोक्यात पुठ्ठ्याच्या काही आहेत आणि पत्र्याच्या दोनच. आणखी कुठे मिळतील विचारलं तर म्हणाला, आता कुठंच नाही.

मशीन साधं आहे. खाली ताट फिरतं, वर एक दांडी, दांडीला कोरायची सुई. माइकमध्ये बोललं की सुई थरथरते आणि तबकडीत रेघ पडत जाते. एसटीत मांडीवर घेऊन आलो. कंडक्टरने तिकीट मागितलं नाही, शिवणयंत्र आहे का एवढं विचारलं.

२८ फेब्रुवारी

तबकड्यांचे प्रकार समजून घेतले. पुढे कुणाला लागले तर म्हणून लिहून ठेवतो.

दुकानात मिळते ती तबकडी लाखेची. ती कारखान्यात साच्यात दाबून काढतात. तिच्यावर दुसरं काही कोरता येत नाही. हे मला सुई मोडल्यावर कळलं. आधी वाटलं, झिजलेली रेकॉर्ड पॉलिशपेपरने घासून कोरी करावी. एक लग्नगीत पूर्ण घासलं. तबकडी आरशासारखी झाली, सुईने तिच्यावर एक किंकाळी मारली आणि टोक गेलं. भाजलेल्या विटेवर बोट उठत नाही, तसंच हे. दुसरी सुई खोक्यात होती म्हणून निभावलं.

कोरी तबकडी ही ओली वीट आहे. तिच्यावर काळं मऊ रोगण असतं, सुई त्यातून जाते आणि केसासारखा काळा दोरा बाहेर पडतो. तो ब्रशने सारत राहावं लागतं, नाहीतर सुईत गुंततो. रोगण पुठ्ठ्यावर दिलेलं असेल तर ती स्वस्तातली, पत्र्यावर दिलेलं असेल तर ती पक्की.

पुठ्ठ्याच्या एका तबकडीवर मी स्वतः बोललो. काय बोलावं सुचेना, म्हणून हॅलो हॅलो माइक टेस्टिंग म्हटलं. फोनोवर, म्हणजे ग्रामोफोनवर, लावली तर बरोबर माझा आवाज आला. दुसऱ्यांदा लावली तर मी फार लांबून बोलत होतो. तिसऱ्यांदा रोगणाचे पापुद्रे निघाले आणि मी उरलो नाही. पुठ्ठा तो पुठ्ठाच. पत्र्याचं तसं होणार नाही.

९ मार्च

आज उकंडराव आले. आवाज घुमू नये म्हणून दुकानात घोंगड्या लावून घेतल्या, वच्छलाला ब्रश दिला, आणि काम होईपर्यंत कुणी ओठ हलवायचे नाहीत असं बजावलं. मग उकंडरावांना सांगितलं की तबकडीच्या एका अंगावर तीनेक मिनिटं मावतात. तेव्हा थांबायचं नाही, सलग म्हणायचं. लोक मागून म्हणतील त्या वेळात तबकडी रिकामी फिरते आणि जागा फुकट जाते.

ते माइकपुढे बसले. सलग म्हणाले. त्रिशरण आणि पंचशील दोन्ही एकाच अंगावर बसलं, थोडी कडही उरली. मी खूश झालो आणि फोनोवर लावली.

ऐकून ते म्हणाले, "हे कोन बोलून राह्यलं? एसटी सुटून राह्यली काय याची?" मी म्हटलं, तुम्हीच आहात. म्हणाले, "मी नसन. मी थांबतो. थांबतो थे माहं नसते, लोकाईचं असते. तुमी लोकाईले काढून टाकलं, भोंगेवाले."

मी समजावायला म्हणून पुन्हा लावली. तोवर आवाजात भुसा मिसळला होता. तिसऱ्यांदा नुसता भुसा. पत्र्याचंही पुठ्ठ्यासारखंच झालं. म्हणजे दोष पुठ्ठ्याचा नव्हता. फोनोची पोलादी पिनच मऊ रोगण खरवडून काढते. वीस वर्षांच्या सवयीने पिन लावली गेली. हे मला पुठ्ठ्याच्या वेळीच कळायला हवं होतं, असं वच्छला म्हणाली नाही. तिने फक्त ब्रश खाली ठेवला.

आता पत्र्याची एकच तबकडी. उकंडराव म्हणाले, माझ्या पद्धतीने म्हणेन, नाहीतर म्हणणार नाही. मी हो म्हटलं, दुसरं काय म्हणणार. एका अंगावर त्रिशरण घेतलं, दुसऱ्यावर पंचशील. प्रत्येक ओळीनंतर ते थांबत होते आणि सुई रिकामी रेघ ओढत होती. त्या रिकाम्या जागेत पलीकडच्या पिठाच्या गिरणीचं पुकपुक शिरलं असणार. वच्छला खाली मान घालून काळा दोरा सारत होती. तिचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता म्हणून मी काही बोललो नाही.

त्रिशरणातल्या दुसऱ्या वेळच्या 'धम्मं सरणं गच्छामि'नंतर उकंडरावांना खोकला आला. चांगला जोराचा. मी हात जोडून थांबायला सांगत होतो, पण खोकला हात जोडून थांबत नाही. तबकडीला डाग लागला.

ही तबकडी वाजवून पाहिलेली नाही. पोलादी पिन लावली तर आवाज जाईल आणि दुसरी कुठली पिन असते हे मला ठाऊक नाही. चांदभाईंना विचारावं तर ते मेहुण्याच्या लग्नाला कारंज्याला गेले आहेत आणि तिथेच रमले आहेत. तबकडीत आवाज आला की नाही, हे आज या घरात कुणालाच माहीत नाही. फडक्यात गुंडाळून कपाटावर ठेवली आहे.

वच्छलाने काळा दोरा कुंकवाच्या रिकाम्या डबीत भरून ठेवला. कचरा आहे, फेकून दे म्हटलं, तर तिने डबीचं झाकण लावलं. निदान चुलीजवळ ठेवू नको, भडकतो, एवढं सांगितलं.

नागपूर, ४ एप्रिल

इस्पितळाच्या ओट्यावर बसून लिहितो आहे. सकाळी त्यांना आत नेलं. नेण्याआधी त्यांनी मला जवळ बोलावलं. वच्छला पाणी आणायला गेली होती.

"भोंगेवाले, वाजवली काय तबकडी?"

"वाजवली, मामाजी. साफ हाय."

"खोकला आला काय त्याच्यात?"

"आला."

"मंग बरोबर हाय."

तेवढ्यात गाडी ढकलणारा आला.

मी खोटं बोललो. तबकडीत खोकलाही आहे की नाही, मला माहीत नाही. त्यांचं शेवटचं बोलणं माझ्याशी झालं आणि तेही खोकल्याबद्दल. वच्छलाला सांगितलं नाही. ती पाणी घेऊन आली तेव्हा खाट रिकामी होती.

शिरपूर, ११ एप्रिल

ऑपरेशन चांगलं झालं. गळ्याला भोक ठेवलं आहे, त्यातून श्वास घेतात. वच्छलाचा भाऊ जवळ आहे. चौदा तारखेच्या जयंतीच्या ऑर्डरी म्हणून आम्ही दोघं परत आलो.

चांदभाई कारंज्याहून आले. त्यांच्यापुढे सगळं रडगाणं गायलो. ते घड्याळातून डोळा न काढता म्हणाले, "काटा लाव ना." मला राग आला. त्यांनी सांगितलं, त्यांच्या वडिलांकडे फोनो होता तेव्हा बाजारात पिनांसोबत काटेही मिळायचे. काटा तबकडी खात नाही, स्वतःच झिजतो. हे आधी काहून नाई सांगतलं, असं विचारलं. म्हणाले, "तू इचारलं कवा? तू त मले कोंबड्याईचंच बोलत होता."

वेशीबाहेरच्या बाभळीचे काटे आणले. कोवळा वाकतो, फार वाळलेला तुटतो, पांढरट आणि टणक हवा. ब्लेडने बुडखा कापून पिनेच्या जागी बसवला. आधी पुठ्ठ्याच्या नव्या तबकडीवर हॅलो हॅलो भरून तिच्यावर चालवला. दहादा वाजवली, मी जागेवर होतो.

मग मामाजींची तबकडी लावली. थोडी खरखर, आणि मग ते बोलले. वच्छला परातीत पीठ तसंच टाकून आली आणि दारात उभी राहिली. थांबायच्या जागा आल्या, गिरणी आली, खोकला आला.

मला बरं वाटलं, कारण आता मी इस्पितळात खोटं बोललो असं होत नाही.

२ मे

जयंतीची धावपळ संपली. तबकडी तपासली. ठीक आहे.

६ मे

तबकडी तपासली. काटा बदलून पाहिला.

७ मे

तपासली.

११ मे

मशीनचा भरवसा नसतो, म्हणून हल्ली दुकान बंद केल्यावर रोज एकदा तपासतो. वच्छला म्हणाली, "बाबाले रोजच वाजवून राह्यले तुमी. झिजनार नाई काय थे?" मी तिला समजावलं की काटा तबकडी खात नाही. ती म्हणाली, "थोडंसं त खातच असन. तुमी तपासून तपासून पुसून टाकान." बायकांना यंत्रातलं कळत नाही. तरी ती दारात उभी राहून शेवटपर्यंत ऐकत होती.

मला या आवाजाची विशेष आवड नाही. कामाचा भाग आहे.

२५ मे, बुद्धपौर्णिमा

किन्हीराजाला गेलो. उकंडराव गळ्याला पांढरा रुमाल बांधून विहारात आले. लोक त्यांच्याशी मोठ्याने बोलत होते, जणू त्यांचे कानच काढले आहेत. वंदना कुणी सांगायची यावर कालपर्यंत घोळ होता. देवमन नावाचा तरुण शिक्षक आहे, त्याला सगळं पाठ आहे, पण तो दम न घेता म्हणतो आणि म्हातारी माणसं मागे पडतात.

फोनो मधोमध ठेवला, समोर माइक, काटा लावला. पहिली ओळ आली आणि तबकडी थांबली. म्हणजे फिरत होती, उकंडराव थांबले होते. लोक आधी फोनोकडे बघत राहिले. मग एका म्हातारीने ती ओळ म्हटली, तिच्यामागे सगळ्यांनी. पुढच्या ओळीनंतर कुणी वाट पाहिली नाही. सगळं विहार त्या रिकाम्या जागेत नेमकं मावत होतं. गिरणी ऐकूच आली नाही. मला उगाच वाटलं होतं की जागा फुकट गेली.

एक गोष्ट मात्र खटकली. मी फोनोजवळ होतो, तिथून उकंडराव समोर दिसत होते. तबकडीत त्यांची ओळ चालू असली की ते गप्प, आणि लोकांची पाळी आली की त्यांचे ओठ हलत. त्यांचा घोटाळा होतो आहे असं वाटून मी त्यांना खुणेने सांगितलं की तुमची ओळ पहिली. त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली आणि पुन्हा तेच केलं.

परत येताना वच्छलाला हे सांगितलं.  ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, आयुष्यात पहिल्यांदाच बाबांना सगळ्यांबरोबर म्हणायला मिळालं.

२३ जुलै, आषाढी पौर्णिमा

आज तबकडीचा आवाज मागे गेला आणि खरखर पुढे आली. पंचशीलाच्या अंगावर दोन ओळी ऐकूच आल्या नाहीत, तरी लोकांनी वेळेवर म्हटल्या. यंदा काटे कोवळे आहेत, पाऊस लवकर लागला. वच्छलाला तसं सांगितलं. ती म्हणाली, "हो, काटेच कोवळे असतीन." तिचा सूर मला आवडला नाही.

आता रोज तपासत नाही. दिवसाआड तपासतो.

२० सप्टेंबर

तबकडी तपासली. काही ऐकू आलं नाही. काटा बदलला. तरी नाही. पण ती फिरत असली की कुठे काय आहे ते मला कळतं, म्हणून शेवटपर्यंत चालू ठेवली.

वच्छला आज दारात आली नाही. तिने चुलीपाशीच बसून ऐकलं, म्हणजे नुसती बसली. मला वाईट वाटलं. हे मी इथेच लिहितो, कारण तिला सांगायचं तर काटे कोवळे नव्हते हेही सांगावं लागेल.

१५ ऑक्टोबर

काल किन्हीराजाला धम्मचक्राचा कार्यक्रम होता. तबकडी नेली, कारण लोक वाट पाहत होते आणि तिच्यात आता काही नाही हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आयत्या वेळी एखादा चांगला काटा चालून जाईल, असा माझा विचार होता.

काटा लावला. भोंग्यातून नुसती खरखर गावभर गेली. लोक पहिली ओळ संपेल तेवढा वेळ थांबले आणि आपली ओळ म्हणून मोकळे झाले. दुसरी ओळही तशीच झाली. तिसऱ्या वेळी लोकांचा आवाज विरळ पडला. उकंडरावांनी हात वर केला आणि मला काटा उचलायची खूण केली. मी उचलला.  देवमन घसा साफ करून उठला. उकंडरावांनी त्याला हातानेच खाली बसवलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

मला वाटलं, मशीन बाजूला घ्यायला सांगत आहेत. मी फोनो उचलून बाजूला ठेवला. बोट माझ्याकडेच राहिलं.

मला वंदना पाठ नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. स्वतःच्या लग्नात मी ती म्हटलेली नाही. माइकवर मी आजवर हॅलो हॅलो याच्यापलीकडे काही बोललेलो नाही. पण लोक बसले होते, वंदना बाकी होती, आणि वच्छला बायकांमधून माझ्याकडे बघत होती. मी माइक बंद केला, कारण तो हातात असला की मला दुसरं काही सुचत नाही. मग म्हटलं, "नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासंबुद्धस्स."

आणि थांबलो. कुठे थांबायचं आणि किती थांबायचं हे विचारावं लागलं नाही. विहाराने ओळ मागून म्हटली. पुढची ओळ आली, तिच्यानंतर थांबायची जागा आली. दुसऱ्या वेळचं बुद्धं झालं, दुसऱ्या वेळचं धम्मं झालं, लोकांनी म्हटलं, आणि मी खोकलो.

मला खोकला झालेला नव्हता. तिथे तो होता, म्हणून आला.

कुणी हसलं नाही. मागच्या रांगेतला एक म्हातारा खोकला. मग पुढचे दोघंतिघं. ओळच ती, त्यांनी मागून म्हटली.

उकंडराव समोरच बसले होते. त्यांचे खांदे हलत होते. गळ्याच्या भोकातून हवा सुटत होती आणि रुमाल फडफडत होता. हसताना त्यांना आवाज लागत नाही आता. मग त्यांनी डोळे पुसले, हात जोडले, आणि मी पुढची ओळ म्हटल्यावर त्यांचे ओठ माझ्या मागून हलायला लागले.

या वेळी मी त्यांना खूण केली नाही.